काळ्यावर गप राहायचं: पावसाळी कोकणातली माउंटन बाइकची शर्यत

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी देवगड तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मी तिसऱ्यांदा पडलो, तेव्हा डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक काकी थांबली. आधीचे दोन वेळचे पडणे तिने पाहिलं नसावं अशी माझी आशा होती. पाहिलं होतं. भारा न उतरवताच ती म्हणाली, "काळ्यार ब्रेक कित्याक मारतंस? तांबड्यार मार, नि काळ्यार गप रव." एवढं बोलून साध्या रबरी चपलांनी ती त्याच उतारावरून तरातरा खाली गेली.

मी कोल्हापूरचा. टायरमध्ये हवा किती, रबर कुठलं, वजन पुढे कधी आणि मागे कधी, हे सगळं वाचून तोंडपाठ केलेलं होतं. त्यातलं काहीही त्या सड्यावर कामाला आलं नाही. काकीचं वाक्य आलं. ते का बरोबर आहे हे नीट कळायला मात्र मला पुढचे दोन पावसाळे लागले. त्या दोन पावसाळ्यांत जे समजलं ते इथे मांडतो. ज्यांनी पहिल्यांदाच पावसाळी शर्यतीत हौसेने नाव घातलंय आणि आता रात्री झोप लागत नाही, त्यांच्यासाठी. पदकं घेणाऱ्यांना यातलं बहुतेक ठाऊक असतं.

निम्म्या पगारात घर चालवणं

टायर जमिनीला धरून राहतो त्याला आपण पकड म्हणतो. ही पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. त्यातून तीन खर्च भागवायचे असतात: वेग कमी करणं, वळणं आणि पॅडल मारून पुढे जाणं. कोरड्या रस्त्यावर पगार भरपूर, त्यामुळे वळता वळता ब्रेक दाबला तरी भागून जातं. ओल्यात पगार निम्म्यावर येतो, कधी त्याच्याही खाली. अशा वेळी वळण आणि ब्रेक दोन्ही एकदम काढायला गेलात की खातं रिकामं. चाक घसरतं ते तेव्हा.

म्हणून ओल्यात पहिला नियम असा की एका वेळी एकच खर्च. वळणाच्या आधी सायकल सरळ असताना ब्रेक मारून घ्या, ब्रेक सोडा, मग वळा, आणि सायकल पुन्हा सरळ झाली की पॅडल.

आकडे बघितले की हे जास्त पटतं. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. पकडीचा गुणांक ०.६ धरला, म्हणजे बऱ्यापैकी चांगली जमीन, तर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण ४ मीटर लागतात. तो ०.३ झाला की ८ मीटर. शेवाळलेल्या दगडावर ०.१ वर आला तर जवळजवळ २५ मीटर. आणि मेंदूने "थांब" म्हटल्यापासून बोट लिव्हरवर आवळेपर्यंतचा अर्धा सेकंद धरला तर त्यात आणखी साडेतीन मीटर मिळवा. पाणंदीत समोर गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, २५ मीटरवर नसतो, पाचावर असतो.

पण याच गणितात एक गोड बाजू आहे. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, तसंच ते वर्गाने कमीही होतं. ताशी २५ ऐवजी १८ ने आलात तर अंतर जवळपास निम्मं. वळणालाही हेच लागू. म्हणजे वेग थोडासा सोडला की हातात बरंच काही येतं. मला हे कागदावर दिसलं तेव्हा वेळेचं नुकसान किती हेही काढून पाहिलं. १०० मीटरच्या निसरड्या तुकड्यावर ताशी १८ आणि २५ यांत फरक जेमतेम साडेपाच सेकंदांचा. पडून उठायला, चेन बसवायला, हँडल सरळ करायला आणि कोणी पाहिलं का ते बघायला याच्या दसपट वेळ जातो.

काळं आणि तांबडं

आता काकीचा दगड. दक्षिण कोकणात पायाखाली बहुतेक ठिकाणी जांभा असतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट ज्या लाव्ह्यातून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अशा दगडावर उष्ण हवा आणि धोधो पाऊस युगानुयुगं काम करत राहिला की त्यातली सिलिका विरघळून जाते आणि लोखंड नि ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात. लोखंडामुळे रंग तांबडा. खोदल्यावर मऊ असतो, विटेसारखा कापता येतो, म्हणून फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने केरळात हा दगड पाहून १८०७ मध्ये त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. आपल्याकडे चिरे म्हणतात, घरं त्याचीच.

जांभ्याचा पृष्ठभाग भोकाभोकांचा, खरखरीत असतो. इथे रबराचं एक गुपित समजून घ्यायला हवं. रबर जमिनीला दोन प्रकारे धरतं. एक म्हणजे चिकटून: गुळगुळीत कोरड्या फरशीवर रबर सरकत नाही ते यामुळे. दुसरं म्हणजे खाचांमध्ये शिरून: दगडाचे बारीक उंचवटे रबरात रुततात, रबर दबतं, पुन्हा फुगतं, आणि पुढे घसरायचं तर दर उंचवट्यावर हीच कसरत करावी लागते. पाणी पडलं की पहिला प्रकार जवळपास संपतो. दुसरा मात्र टिकतो, पण दगड खरखरीत असेल तरच. त्यामुळे धुतलेला, तांबडा, उघडा जांभा भर पावसातही बऱ्यापैकी धरतो. पहिल्यांदा विश्वास बसत नाही. बसवावा लागतो.

मग काळं काय? पावसाळ्यात सड्यावर जो काळा, हिरवट-काळा थर दिसतो त्याला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. उघड्या दगडावरच्या या काळ्या थरात मुख्यतः सायनोबॅक्टेरिया असतात. उन्हाळ्यात ते सुकून पापुद्र्यासारखे पडून असतात, तुम्ही त्यावरून गेलात तरी काही वाटत नाही. मिरगाचा पाऊस पडला की फुगतात. त्यांच्याभोवती चिकट, बुळबुळीत द्रवाचं आवरण असतं, ते पाणी पिऊन लोण्यासारखं होतं आणि दगडाच्या खाचा भरून काढतं. रबराला रुतायला खाचच उरत नाही. म्हणजे रबराचे दोन्ही उपाय संपले. तिथे जगातला महागातला महाग टायर आणि तुमच्या भाच्याच्या सायकलचा टायर एकाच पातळीवर येतात.

गप राहायचं ते यासाठी. काळ्यावर पकडीचा पगार जवळजवळ शून्य आहे, तर खर्चही शून्य ठेवा. ब्रेक नाही, पॅडल नाही, हँडल वळवणं नाही. सायकल आधी तांबड्यावर हळू करून घ्यायची, काळा पट्टा सरळ दिशेने गाठायचा, दोन्ही पॅडल समपातळीत धरून सीटवरून थोडं उठायचं आणि सायकलला जाऊ द्यायचं. फिरतं चाक काहीही मागत नसेल तर ते निसरड्यावरूनही सरळ जातं. बिघडवतो तो आपला हात. पोटात गोळा आला की बोटं आपोआप लिव्हरवर आवळतात, आणि ती न आवळणं हाच सगळा सराव आहे. मी आमच्या गच्चीत साबणाचं पाणी टाकून हा सराव केला. घरच्यांनी त्यावर काय टीका केली ती इथे देत नाही.

एकदा डोळा बसला की सडा रंगांनी वाचता येतो. ताजा तांबडा, गंजासारखा रंग म्हणजे लोकांच्या नि गुरांच्या पायांनी किंवा वाहत्या वाळूने घासलेला दगड, धरतो. काळा म्हणजे जिथे कोणी चालत नाही. जिथे दगडातून पाणी कायम पाझरतं तिथे हिरवं, सर्वांत वाईट. याला एक अपवाद आहे आणि तो फसवा आहे: जुनी पाखाडी. चिऱ्यांच्या त्या पायऱ्या पिढ्यान्पिढ्या पायांनी घासून गुळगुळीत झालेल्या असतात. रंग तांबूस, पण खरखर गेलेली. पाखाडीवर मी उतरून चालतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

सड्याबद्दल आणखी एक. मार्ग आखून दिलेला असतो तेवढ्यावरच राहा. या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. पावसाळ्यात याच कातळावरच्या चिमूटभर मातीत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. डबकं टाळायला दोन हात बाजूने गेलेली शंभर चाकं तो अख्खा पट्टा संपवतात. डबक्यातूनच जा. भिजायचं ते भिजलेलोच असतो. फक्त मार्गाच्या कडेला जुनी चिरेखाण असेल तर तिच्यापासून लांब: तिथलं 'डबकं' दोन पुरुष खोल असू शकतं.

चिखल चिखलात फरक

आमच्याकडे देशावर चिखल म्हणजे काळी माती. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, ती पाणी पिऊन फुगते आणि दिसेल त्याला धरते. शंभर मीटरमध्ये चाक फ्रेमला अडकून फिरायचं थांबतं आणि सायकल उचलून न्यावी लागते. ती उचलवतही नाही, इतकी जड झालेली असते. त्या अनुभवावरून मी कोकणात जाताना चिखलाची तयारी करून गेलो होतो: अरुंद टायर, त्यावर लांब लांब, विरळ बटणं. ती तयारी चुकली. तांबड्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट असतं, ते फारसं फुगत नाही. पाऊस पडला की त्याची पातळ तांबडी आमटी होते, चाकावरून उडून जाते, अडकत नाही. आणि विरळ लांब बटणांचा टायर उघड्या कातळावर वळणात लचकतो, कारण दगडाला टेकतात ती मोजकी चार बटणं, तीही वाकतात. कोकणात मध्यम उंचीची, जवळ जवळ बसवलेली, मऊ रबराची बटणं बरी.

अडकत नाही म्हणून तांबडा चिखल गरीब समजू नका. त्याच्यात लोहसंयुगांचे कडक बारीक कण असतात. ती आमटी म्हणजे पातळ केलेला पॉलिश पेपर आहे, आणि तो चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) आणि ब्रेकच्या पॅडवर तासन्‌तास घासला जातो. देशावरचा चिखल तुम्हाला थांबवतो. कोकणातला थांबूच देत नाही, कारण ब्रेक खाऊन टाकतो.

हे मला पहिल्या शर्यतीत दुसऱ्या फेरीच्या मध्यावर कळलं. दोन फेऱ्यांची, एकूण २४ किलोमीटरची शर्यत. माझ्या सायकलला तारेचे डिस्क ब्रेक होते आणि पॅड "अजून हजार किलोमीटर सहज जातील" असं दुकानात सांगितलं होतं. पहिल्या फेरीत लिव्हर नेहमीच्या जागी आवळत होता. दुसरीच्या सुरुवातीला तो हँडलच्या जवळ येऊ लागला. काजूच्या बागेतल्या उतारावर तो हँडलला टेकला. खालून खर्र असा आवाज आला, लोखंडावर लोखंड. पॅडचा मसाला संपून मागची पट्टी डिस्कला घासत होती. मी एका पायाने जमीन ओढत, दुसऱ्याने गडग्याला रेटा देत उतार उतरलो आणि उरलेले पाच किलोमीटर प्रत्येक उतार चालत गेलो. माझ्या मागून येणाऱ्या शाळकरी पोरांनी मला "काका, बाजूने!" म्हणत ओलांडलं.

तर पॅडबद्दल थोडं सविस्तर. ते ढोबळमानाने दोन जातींचे. रेझिनचे पॅड मऊ असतात, आवाज कमी, कोरड्यात छान, पण ओल्या कणांत भराभर झिजतात. धातूची भुकटी भाजून केलेले सिंटर्ड पॅड कडक, थोडे कुरकुरे, आणि पावसात कितीतरी जास्त टिकतात. पावसाळी शर्यतीला सिंटर्डच. पण आधी एक पाहा: तुमच्या डिस्कवर 'फक्त रेझिन पॅड' असं कोरलेलं असेल तर सिंटर्ड लावू नका, ती डिस्क मऊ असते, पॅड तिलाच खातील. मसाल्याची जाडी अर्धा मिलिमीटर राहिली की पॅड बदलायचे; चिखलाच्या शर्यतीला निघताना मी दीड मिलिमीटरच्या खाली असले तरी बदलतो. नवे पॅड शर्यतीच्या सकाळी बसवू नका. आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर वेगात येऊन पूर्ण न थांबता वेग मोडायचा, असं पंधरा-वीस वेळा केलं की मसाल्याचा पातळ थर डिस्कवर बसतो. तो बसल्याशिवाय ब्रेक नीट पकडत नाही.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, पॅड झिजेल तसे आपोआप पुढे सरकतात. तारेचे सरकत नाहीत, तुम्हाला सरकवावे लागतात. लिव्हरपाशी, जिथून तार बाहेर पडते तिथे एक छोटी फिरकी असते. ती थोडी बाहेरच्या बाजूला फिरवली की तार ताणली जाते आणि लिव्हर पुन्हा जागेवर येतो. चालत्या सायकलवर दोन बोटांनी होतं. त्या दिवशी मला हे माहीत असतं तर निदान आणखी चार किलोमीटर मिळाले असते. आणि जुन्या रिमवर दाबणाऱ्या ब्रेकांनी पावसाळी शर्यतीत उतरणार असाल तर चाकाचं पहिलं अर्धं-एक आवर्तन फक्त पाणी पुसण्यात जातं हे धरून आधीच दाबा. खरं म्हणजे उतरू नका.

ब्रेक आणि डोंगरउताराचं नातं या खेळाइतकंच जुनं आहे. कॅलिफोर्नियात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून उतरण्याच्या शर्यती लावत. त्यातली पहिली २१ ऑक्टोबर १९७६ ला झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, असे, उलटं पॅडल मारलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापे की आतलं ग्रीस धूर होऊन जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं: रीपॅक.

पुढचा ब्रेक की मागचा, हा प्रश्न दरवेळी येतो. धरणाऱ्या जमिनीवर पुढचा जास्त काम करतो, कारण वेग मोडताना वजन पुढे येतं. त्याला घाबरून नुसता मागचा वापरलात तर थांबायचं अंतर लांबतं. पण पुढचं चाक घसरलं की माणूस पडतो, मागचं घसरलं की बहुतेक वेळा सावरता येतं. त्यामुळे तांबड्यावर दोन्ही, शंका असेल तिथे मागचा हलका, काळ्यावर एकही नाही. लिव्हरवर एकच बोट, फार तर दोन. चार बोटांनी माणूस भीतीच आवळतो.

हवा कमी, पण किती?

टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळपणे दाबावरून ठरतं. मागच्या चाकावर ४५ किलो भार असेल तर ३५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) साधारण १८ चौरस सेंटीमीटर टेकतं, म्हणजे काडेपेटीएवढं. २५ पीएसआयला २५ च्या आसपास. शिवाय हवा कमी असली की रबर खाचांत जास्त सहज दबतं, म्हणजे दगडात रुतण्याचा तो दुसरा उपाय जोरात चालतो. ७० किलोच्या माणसाने सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला पुढे २१, मागे २३ पासून सुरुवात करून बघावी. ट्यूब असेल तर २६-२८ च्या खाली जाताना जपून: चिऱ्याच्या धारेवर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि दोन शेजारी शेजारी भोकं पडतात. अंगठ्याने दाबून अंदाज घेणाऱ्यांनी एकदा गेज लावून बघावं. माझा अंगठा सहा पीएसआयने खोटं बोलत होता.

लोक विचारतात, गाडीसारखी सायकल पाण्यावर तरंगून घसरत नाही का? नाही. त्यासाठी नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर बसवलेलं एक सूत्र आहे. ते लावलं तर २५ पीएसआयच्या टायरला ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेग लागेल. सायकल जाडसर पाण्याने पडत नाही, पातळ थराने पडते: शेवाळ, ओला पातेरा, धुळीची पहिली खीर. म्हणूनच मुसळधार सरीपेक्षा सरीनंतरची भुरभुर वाईट. सर दगड धुते. भुरभुर नुसती माती कालवते.

पातेऱ्याचा मुद्दा काजूच्या बागेत येतो. ओली पानं एकमेकांवरून घसरतात, आणि खाली मूळ आहे की दगड ते दिसत नाही. मूळ दिसलं तर काटकोनात ओलांडायचं; तिरकं गेलात की चाक मुळाच्या लांबीने पळतं आणि तुम्ही पळत नाही. जूनच्या अखेरीस फणसाच्या झाडाखालून जाताना वरही नजर ठेवा आणि खालीही. कुजका बरका फणस कुठल्याही शेवाळाला हार जात नाही.

वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा असेल तर पाण्याचा रंग बघा. तळ दिसतोय आणि पाणी पोटरीखाली आहे, तर सायकल हलक्या गिअरमध्ये ठेवून सरळ जा किंवा उतरून चाला. पाणी गढूळ झालंय, काड्या-पाचोळा वाहायला लागलाय, तर वर कुठेतरी कोसळतोय आणि लोंढा वाटेत आहे. तिथे थांबायचं, पुढचा स्पर्धक पलीकडे गेलेला दिसला तरी. साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, सायकल हाताने न्यायची. आणि शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, वाट काढली असेल तर ती आयोजकांची चूक आहे, त्यांना तसं सांगा. लावणीच्या दिवसांत एक मेर फुटली तर कुणग्यातलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं, पाणी जातं आणि त्या माणसाची शर्यत वर्षभराची असते.

बाकीचं

पुढच्या चाकावर छोटा मडगार्ड लावा. विकत घ्यायलाच हवा असं नाही, जुन्या ट्यूबचा तुकडा कापून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी फोर्कला बांधला तरी डोळ्यांत जाणारी निम्मी आमटी थांबते. चेनला ओल्यासाठीचं दाट तेल, थेंब थेंब, आणि वरचं पुसून. काही जण फ्रेमच्या पोटाला चिखल चिकटू नये म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवतात. एक फेरी तरी त्याचा उपयोग होतो, पण तोच हात डिस्कला लागला तर मग ब्रेकबद्दल वर लिहिलेलं सगळं विसरा. रेनकोट नको. कोकणात पावसात थंडी वाजत नाही, उकडतं. हवेतच पाणी इतकं की घाम सुकत नाही, सुकला नाही की अंग थंड होत नाही, आणि भिजलेलो असल्यामुळे तहान लागल्याचं कळत नाही. दर वीस मिनिटांनी घोट घ्या, घरचं कोकम सरबत मीठ घालून चांगलं चालतं. कुडकुडायला होतं ते शर्यत संपल्यावर, वाऱ्यात उभं राहून बक्षीस समारंभ बघताना. कोरडा शर्ट पिशवीत ठेवा.

सुरुवातीला सगळे एकदम सुटतात आणि शंभर मीटरवर एकेरी पायवाट असते. तिथे पुढच्याच्या चाकाला चिकटू नका. त्याच्या चिखलाने तुम्हाला दगडाचा रंग दिसणार नाही, आणि तो पडला तर तुम्हीही. दोन सायकलींचं अंतर ठेवा, कातळ मोकळा मिळाला की "उजवीकडून!" म्हणून पुढे जा.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, २०४.४ च्या पुढे अत्यंत मुसळधार. रेड अलर्टच्या दिवशी आयोजक शर्यत घेत असतील तर पैसे बुडाले समजा आणि घरी थांबा. विजांचं भय जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त. सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता, तेव्हा चमकल्यानंतर तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर सडा सोडून खाली उतरायचं.

पडल्यावर गडग्याच्या फटीत हात घालून उठू नका, फुरसं तिथेच असतं. आणि खरचटलं असेल तर ते क्षुल्लक समजू नका. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू साचलेल्या पाण्यात नि चिखलात येतात आणि जखमेतून शिरतात. संपली शर्यत की साबणाने धुवून जखम झाका. ताप यायचा तर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्याने. तोवर शर्यत विसरलेली असते. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, असं झालं तर डॉक्टरांना आधी सांगा की मी चिखलात पडलो होतो. लेप्टोला वेळेत औषध आहे. आधीपासून गोळी घ्यायची का, हेही डॉक्टरांनाच विचारा.

वाट शेवटी किनाऱ्यावर उतरत असेल तर ओहोटीच्या वेळी पाण्याकडेची ओली वाळू धरा. कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं म्हणून ती कठीण असते, वरची कोरडी वाळू मात्र चाक गिळते. खारं पाणी चेनला लागलं की रात्रीत गंज चढतो, त्यामुळे कितीही दमलात तरी सायकल त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची. जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, चिखल बाहेर येण्याऐवजी आत जातो. बादली आणि जुना ब्रश बास.

मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या विहिरीवर सायकल धुतली. सगळं चकचकीत झालं असं वाटलं, तरी उचलल्यावर आत काहीतरी खळखळत होतं. सीटची नळी काढली आणि सायकल उलटी केली. पेलाभर तांबडं पाणी बाहेर आलं, त्याच्या मागून काजूचं एक पान, घडी घातल्यासारखं.